डिस्क आपली, पेटी त्यांची

१९९९ च्या मार्चअखेर कॅलिफोर्नियातल्या टिव्हो या नवख्या कंपनीने टीव्हीवरचे कार्यक्रम हार्ड डिस्कवर साठवणारा बॉक्स, म्हणजे डीव्हीआर, अमेरिकेच्या बाजारात आणला. त्याच सुमारास रीप्लेटीव्ही नावाचा प्रतिस्पर्धीही आला होता, पण लोकांच्या तोंडी नाव बसलं ते टिव्होचं. बॉक्स फिलिप्सने बनवलेला. कल्पना आणि सॉफ्टवेअर जिम बार्टन आणि माइक रॅमसे यांचं. दोघंही सिलिकॉन ग्राफिक्स या संगणक कंपनीतून बाहेर पडलेले. १४ तासांचं रेकॉर्डिंग मावणारा बॉक्स ४९९ डॉलरला, ३० तासांचा ९९९ डॉलरला. या वरच्या ५०० डॉलरांत नेमकं काय मिळतं हे पाहायला ज्यांनी झाकण उघडलं, त्यांना आत तोच प्रोसेसर, तोच मोडेम आणि तेवढीच मेमरी दिसली. फरक काय तो डिस्कचा.

१४ तास हा आकडाही तसा जाहिरातीतला. तो सगळ्यात हलक्या दर्जाच्या चित्रासाठी होता. उत्तम दर्जा निवडला की तीच तेरा-चौदा जीबीची डिस्क चारेक तासांत भरायची. म्हणजे एक वनडे सामनाही तीत पुरता बसला नसता.

डिस्क बदलण्याची हौस इथून सुरू झाली असं सांगतात, आणि ते खरंही आहे. पण तिच्यामागे याहून पक्कं कारण होतं ते वर्गणीचं. कार्यक्रमांचं वेळापत्रक पुरवण्यासाठी टिव्हो महिन्याला ९.९५ डॉलर घ्यायची, किंवा एकदाच १९९ डॉलर भरून ‘लाइफटाइम’ वर्गणी मिळायची. हे लाइफटाइम गिऱ्हाइकाचं नव्हे, बॉक्सचं. वर्गणी मदरबोर्डवरच्या क्रमांकाला बांधलेली. नवा बॉक्स घेतला की पुन्हा पैसे मोजा. त्यामुळे बोर्ड ही जपायची मालमत्ता झाली आणि डिस्क हा झिजणारा सुटा भाग. त्यात टिव्होची डिस्क कधी विसावत नाही. आपण टीव्ही बंद करून झोपलो तरी चालू चॅनेलचा शेवटचा अर्धा तास बॉक्स सतत लिहीत आणि पुसत असतो, कारण थेट प्रक्षेपण मागे नेण्याची सोय त्यावरच चालते. वर्षाचे ३६५ दिवस फिरणारी डिस्क केव्हातरी कुरकुरणार, चित्र अडखळणार आणि एक दिवस बॉक्स सुरूच होणार नाही. तेव्हा प्रश्न ‘जास्त तास हवेत का’ एवढाच राहत नाही. पैसे भरलेला बॉक्स टाकून द्यायचा की दुरुस्त करायचा, असा तो होतो.

दुरुस्तीतली अडचण अशी की जुन्या टिव्होचं सगळं काही डिस्कवरच असायचं: कर्नल, प्रोग्रॅम, वेळापत्रक, रेकॉर्डिंग. बोर्डवरच्या चिपमध्ये जेमतेम सुरुवात करून देण्याइतकाच मजकूर. कोरी डिस्क लावली तर बॉक्सला पुढे काय करायचं ते कळायचंच नाही. म्हणून जाणकार पहिला सल्ला एकच देत, की डिस्क धडधाकट आहे तोवर तिची प्रत काढून ठेवा. आपल्याकडच्या घराच्या कागदपत्रांसारखं हे काम. ज्याला गरज पडते त्याच्याकडे नेमकी ती प्रत नसते.

पहिल्या पिढीच्या बॉक्सची अंतर्रचना आज पाहिली तर गंमत वाटते. ५४ मेगाहर्ट्झचा पॉवरपीसी प्रोसेसर, १६ एमबी मेमरी, त्यावर लिनक्सचं २.१ मालिकेतलं कर्नल. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर एकाच वेळी रेकॉर्डिंग आणि प्लेबॅक जमायचं, कारण चित्र दाबण्या-उलगडण्याचं जड काम एमपेग-२ च्या वेगळ्या चिप करायच्या. व्हिडिओसाठी टिव्होने एमएफएस ही स्वतःची फाइल व्यवस्था रचली होती. तिच्यात मोठमोठे सलग तुकडे व्हिडिओसाठी आणि एक छोटा विभाग नोंदींसाठी, अशी विभागांची जोडी असायची. विभागांचा तक्ता मॅकच्या पद्धतीचा. सिस्टिमच्या दोन प्रती शेजारी शेजारी असायच्या. नवं सॉफ्टवेअर आलं की ते रिकाम्या बाजूला उतरायचं आणि पुढच्या वेळी बॉक्स त्या बाजूने सुरू व्हायचा, म्हणजे अपडेट अर्ध्यात फसलं तरी जुनी प्रत शाबूत. १९९९ मध्ये घरगुती वस्तूत असा विचार करणारे इंजिनिअर होते, याला दाद द्यायलाच हवी.

आता अशी डिस्क काढून पीसीला जोडायची म्हटलं की पहिला झटका बाइटच्या क्रमाचा. पहिल्या पिढीच्या बोर्डवर डिस्कच्या तारा अशा जोडलेल्या, की प्रत्येक दोन बाइट उलटसुलट लिहिले जायचे. साध्या पीसीला त्या डिस्कवर कचरा दिसायचा. लिनक्सला सुरू होतानाच तसं बजावून ठेवलं की मग अक्षरं जागेवर यायची. दुसरा झटका विंडोजचा. अनोळखी डिस्क दिसली की विंडोजच्या काही आवृत्त्या तिच्या पहिल्याच रकान्यात आपली सही ठोकून द्यायच्या आणि टिव्होचं सुरुवातीचं पान पुसलं जायचं. म्हणून टिव्होची डिस्क जोडलेली असताना चुकूनही विंडोज सुरू करू नका, हा या छंदातला पहिला नियम होता. तिसरा झटका क्वांटम कंपनीच्या काही डिस्कचा. त्या बॉक्समध्ये असताना स्वतःला कुलूप लावून घेत. पीसीवर तेरा जीबीची डिस्क जेमतेम काही एमबीची दिसायची. ते कुलूप काढायला क्यूअनलॉक नावाचा चिमुकला प्रोग्रॅम निघाला. आणि हे सगळं स्क्रू काढण्याच्या पुढचं. खुद्द बॉक्समध्ये पॉवर सप्लाय उघडाच असायचा, त्यामुळे ‘डाव्या हाताने काय धरलंय ते बघा’ ही सूचना विनोदाने दिलेली नसायची.

पहिली युक्ती दुसरी डिस्क जोडण्याची. बॉक्समध्ये तिच्यासाठी जागा होती, केबलला जोडणी होती. ब्लेसटिव्हो नावाचा प्रोग्रॅम कोऱ्या डिस्कला टिव्होच्या लेखी पात्र करायचा, मग बॉक्स सुरू केला की ती आपोआप पहिलीशी जोडली जायची. हौशी मंडळी याला ‘लग्न’ म्हणत, आणि उपमा भलतीच चपखल होती. एकदा जोडल्यावर रेकॉर्डिंग दोन्हींवर पसरायचं. एक डिस्क गेली की दुसरीवरचंही हातचं गेलं. दोन स्वस्त डिस्क जोडून तास दुप्पट करणारा माणूस बिघाडाची शक्यताही दुप्पट करत होता, हे बहुतेकांना उशिरा उमगलं. त्यात उष्णतेची भर. मुळात एका डिस्कसाठी नेमलेल्या पंख्याला दोघींना वारा घालावा लागायचा.

२००१ च्या आसपास एमएफएस टूल्स आलं आणि मार्ग सोपा झाला. एका मोठ्या डिस्कवर जुन्या डिस्कची प्रत उतरवायची आणि उरलेली जागा एमएफएसच्या नव्या जोडीने भरून टाकायची. रेकॉर्डिंग वगळून फक्त सिस्टिमची प्रत घेतली तर ती काहीशे एमबीत बसायची. इथे दोन बारकावे लोकांना नडले. एक, स्वॅपचा, म्हणजे मेमरी कमी पडली की तिच्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेचा. बॉक्स एखाद्या बिघाडानंतर हिरवा पडदा दाखवून ‘काही तास बंद करू नका’ असं सांगायचा आणि डिस्कची तपासणी करायचा. या तपासणीला लागणारी मेमरी डिस्कच्या आकाराबरोबर वाढते. १६ एमबीच्या बॉक्समध्ये ती स्वॅपमधूनच यायची, आणि मूळ स्वॅप लहान डिस्कच्या हिशेबाने ठेवलेला. डिस्क दहापट केली आणि स्वॅप तेवढाच राहिला, तर बॉक्स महिनोन् महिने छान चालायचा आणि एका रात्री वीज गेली की हिरव्या पडद्यापाशी फेऱ्या मारत बसायचा. दुसरा बारकावा १३७ जीबीचा. जुन्या कर्नलला सेक्टरचा पत्ता लिहायला २८ बिट होते; ५१२ बाइटच्या सेक्टरने गुणलं की १३७ जीबीवर गाडी थांबते. २५० जीबीची डिस्क लावली तरी अर्ध्याच्या आसपास जागा वाया. ४८ बिटांचा पत्ता समजणारं सुधारित कर्नल बसवणं हा त्यावरचा इलाज.

आणि इथेच डिस्क मोठी करणं आणि बॉक्समध्ये बदल करणं, या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात. कर्नल बदलता येत असेल तर आणखी पुष्कळ काही बदलता येतं. सुरुवातीची एक फाइल दुरुस्त केली की मागच्या सीरियल पोर्टवर लिनक्सचा प्रॉम्प्ट मिळायचा. साम्बा आणि आरसिंक हे प्रोग्रॅम लिहिणारे ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू ट्रिजेल यांनी टिव्होला इथरनेटची जोडणी करून दिली. नंतर टिव्होनेट, टर्बोनेट अशी कार्डं विकत मिळू लागली आणि फोनच्या मोडेमवरून रोज वेळापत्रक आणणारा बॉक्स घरच्या नेटवर्कवर आला. त्याहून मोठं काम म्हणजे ट्रिजेल आणि त्यांच्या साथीदारांनी अमेरिकी टिव्हो ऑस्ट्रेलियात चालता केला. तिथली प्रक्षेपण पद्धत वेगळी, वेळापत्रक पुरवणारं कोणी नाही. स्वयंसेवकांनी टिव्होच्या सर्व्हरची भाषा समजून घेऊन आपला सर्व्हर उभा केला. टिव्हो अधिकृतपणे ऑस्ट्रेलियात पोचला २००८ मध्ये, म्हणजे बऱ्याच वर्षांनी.

कंपनीने या सगळ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. हौशी लोकांनीही एक अलिखित मर्यादा पाळली: वर्गणी चुकवण्याचे मार्ग सांगायचे नाहीत आणि बॉक्समधून व्हिडिओ बाहेर काढण्याची जाहीर चर्चा करायची नाही. हा शहाणपणा उगीच नव्हता. टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं कायदेशीर आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीच्या बीटामॅक्स खटल्यात १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला होता. पण १९९८ च्या डीएमसीए कायद्याने डिजिटल कुलूप तोडणं हाच स्वतंत्र गुन्हा केला. जाहिराती आपोआप गाळणारा आणि रेकॉर्डिंग इंटरनेटवरून दुसऱ्याला पाठवू देणारा रीप्लेटीव्ही ४००० आला, तेव्हा २००१ मध्ये टीव्ही कंपन्यांनी त्याच्या उत्पादकाला, सॉनिकब्लूला, कोर्टात खेचलं. २००३ मध्ये सॉनिकब्लू दिवाळखोरीत गेली. टिव्हो मात्र जाहिरात ३० सेकंदांनी पुढे ढकलण्याची सोयदेखील उघड देत नव्हती. रिमोटवर सिलेक्ट, प्ले, सिलेक्ट, तीन, शून्य, सिलेक्ट असा मंत्र दाबला की ती मिळायची. देते आणि देत नाहीही. कंपनीचा सगळा स्वभाव या एका बटणमंत्रात दिसतो.

२००२ मध्ये दुसरी पिढी आली आणि हवा पालटली. नवा मिप्स प्रोसेसर, यूएसबी पोर्ट, आणि बोर्डवरच्या चिपमध्ये एक चौकीदार. ही चिप कर्नलची डिजिटल सही तपासायची. सही टिव्होची नसेल तर बॉक्स सुरूच व्हायचा नाही. सही जुळली की कर्नल पुढच्या फाइली एकेक करून तपासायचं आणि बदललेली फाइल जागेवर राहू द्यायचं नाही. रेकॉर्डिंगही आता त्या-त्या बॉक्सच्या किल्लीने बंद. डिस्क दुसऱ्या टिव्होत लावली तर त्यावरचे कार्यक्रम दिसणार नाहीत. यावरही उपाय निघाले. जुन्या, सहीच्या कर्नलमधली फट वापरून त्याच्या पोटातून दुसरं कर्नल सुरू करायचं, किंवा सरळ चिपच सोल्डरिंगने उतरवून तिच्यातला मजकूर बदलायचा. पण सोल्डरिंगची सळई हातात घेणारे किती? पहिल्या पिढीत स्क्रू-ड्रायव्हर पुरत होता.

तरीही डिस्क मोठी करण्याला या चौकीदाराने अडवलं नाही. सही होती ती सॉफ्टवेअरवर. जसंच्या तसं सॉफ्टवेअर मोठ्या डिस्कवर उतरवलं तर सहीला काहीच फरक पडत नव्हता. म्हणून २००२ नंतर या छंदाच्या दोन वाटा झाल्या. तास वाढवणाऱ्यांची वाट रुंद होत गेली. विकनीजसारखी दुकानं तयार डिस्क, कंस आणि स्क्रू-ड्रायव्हरसकट संच विकू लागली, ओरायली प्रकाशनाने २००३ मध्ये राफी क्रिकोरियनचं ‘टिव्हो हॅक्स’ हे पुस्तक काढलं, कोणाही सुट्टीवाल्या माणसाला एका दुपारी जमेल असं काम झालं. बॉक्सचं वागणं बदलू पाहणाऱ्यांची वाट मात्र दरवर्षी अरुंद होत गेली. माझ्या मते डीव्हीआरच्या डिस्कचा सगळा इतिहास या एका फाट्यात आहे. गिऱ्हाइकांनी जागेचा वाद जिंकला आणि ताब्याचा वाद ते हरले. आणि जागा मिळाल्याच्या आनंदात हरल्याचं बऱ्याच जणांच्या ध्यानातही आलं नाही.

ज्यांच्या आलं, ते टिव्होचे गिऱ्हाईक असतीलच असं नाही. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं, त्यानुसार बदल केलेला सोर्स कोड टिव्होने जाहीर केलाच होता. अक्षरशः पाहिलं तर अट पूर्ण. पण तो कोड बदलून त्याच बॉक्सवर चालवता येत नव्हता. हा परवाना लिहिणारे रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांचं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन यांना हा परवान्याच्या हेतूचाच पराभव वाटला. या प्रकाराला त्यांनी ‘टिव्होआयझेशन’ असं नाव दिलं आणि २९ जून २००७ ला जीपीएलची तिसरी आवृत्ती आली तेव्हा तिच्यात खास कलम घातलं: घरगुती वापराच्या वस्तूत हे सॉफ्टवेअर दिलं तर ते बदलून पुन्हा बसवायला लागणारी माहितीही, किल्लीसकट, द्यावी लागेल. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना हे पटलं नाही. बदललेला कोड परत मिळावा एवढीच त्यांची अपेक्षा होती. यंत्र कसं बनवायचं हे बनवणाऱ्याने ठरवावं. लिनक्सचं कर्नल दुसऱ्या आवृत्तीखालीच राहिलं, आणि त्यामुळे तिसऱ्या आवृत्तीतलं ते कलम ज्या बॉक्समुळे जन्मलं त्याच्या कर्नलला कधी लागूच झालं नाही. स्टॉलमन यांचं निदान मला बरोबर वाटतं, औषध लागू पडलं नाही एवढंच. आज हातातला फोन, भिंतीवरचा टीव्ही, यांतलं बहुतेक सगळं टिव्होच्या त्या चिपच्याच वंशातलं आहे.

टिव्होची बाजूही ऐकायला हवी. २००६ च्या तिसऱ्या पिढीपासून बॉक्स हाय डेफिनिशन झाला आणि केबलकार्ड नावाचं कार्ड घालून केबलचे बंद चॅनेल थेट घेऊ लागला. हे कार्ड वापरायचं तर केबल उद्योगाच्या अटी मान्य कराव्या लागत, आणि त्या अटींत बॉक्स उघडून आत शिरता येणार नाही असा बंदोबस्त आलाच. कुलूप टिव्होचं असलं तरी ते लावण्याचा हट्ट बहुतांशी दुसऱ्यांचा. याच पिढीत मागच्या बाजूला ईसॅटा पोर्ट आला; झाकण न उघडता बाहेरून डिस्क जोडण्याची सोय. याच पिढीतल्या टिव्हो एचडी या बॉक्सला मात्र वेस्टर्न डिजिटलची ठराविक ‘माय डीव्हीआर एक्स्पांडर’ पेटीच चालायची. मागणी पुरवली, पण माल अमुकच दुकानातून घ्यायचा. वर तीच जुनी लग्नाची अट: बाहेरची डिस्क काढली की तिच्याशी वाटून घेतलेली रेकॉर्डिंग गेली. आणि बाहेरच्या केबलला पाय लागण्याची शक्यता आतल्या केबलपेक्षा कितीतरी जास्त. आतली डिस्क मोठी करणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे, असं तेव्हाही जाणते सांगत.

डिस्क निवडायची कोणती, या प्रश्नावर जितका काथ्याकूट झाला तितका कशावरही नसेल, आणि त्यातला निम्मा निरर्थक होता. लोक वेगवान डिस्क शोधत. हिशेब साधा आहे. अमेरिकेतलं एचडी प्रक्षेपण जास्तीत जास्त १९.४ मेगाबिटचं. दोन रेकॉर्डिंग आणि एक प्लेबॅक धरलं तरी सेकंदाला साडेसात एमबीच्या आत. कोणतीही डिस्क हे झोपेत करेल. डीव्हीआरला हवा असतो तो वक्तशीरपणा. पीसीसाठीची डिस्क खराब सेक्टर लागला की तो वाचायचा पुन्हापुन्हा प्रयत्न करते, कारण हिशेबाच्या फाइलीतला एक आकडा चुकून चालत नाही. व्हिडिओत एखादी चौकट गेली तर डोळ्याला कळतही नाही, पण डिस्क दोन सेकंद अडून बसली तर कळतं. म्हणून एव्ही प्रकारच्या डिस्क निघाल्या, ज्या अडल्यावर लवकर हात झटकून पुढे जातात, हळू फिरतात, कमी तापतात आणि निजायच्या खोलीत ऐकू येत नाहीत. वेस्टर्न डिजिटलच्या स्वस्त ग्रीन मालिकेनेही पुष्कळांचं काम भागवलं, फक्त तिचं डोकं काही सेकंद काम नसलं की बाजूला जाऊन बसायचं. टिव्होच्या काही बॉक्समध्ये त्यामुळे रीस्टार्ट होताना डिस्क सापडायचीच नाही. डब्ल्यूडीआयडल३ या प्रोग्रॅमने ती सवय मोडावी लागायची.

२०१५ च्या बोल्ट या बॉक्सने प्रश्न आणखी बिघडवला. कंपनीने तो वाकड्या आकाराचा, पातळ केला आणि आत लॅपटॉपची अडीच इंची डिस्क घातली. मोठ्या क्षमतेच्या अडीच इंची डिस्क बहुतेक एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे कौलांसारखे एकमेकांवर चढलेले ट्रॅक असलेल्या. एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. दिवसरात्र पुसून लिहिणाऱ्या यंत्राला याहून गैरसोयीची डिस्क शोधून सापडणार नाही. शोभेसाठी केलेल्या त्या वाकाची किंमत डिस्कने मोजली.

मग एसएसडी का नको? आवाज नाही, उष्णता नाही, हलता भाग नाही. सहा ट्यूनरचा बॉक्स घ्या. सहाही चॅनेलचा अर्ध्या तासाचा साठा तो अखंड लिहितो. ताशी सरासरी ६ जीबी धरले तर दिवसाला ८६४ जीबी लेखन होतं, तुम्ही काही पाहा अथवा पाहू नका. चांगल्या १ टीबी एसएसडीची हमी साधारण ६०० टीबी लेखनाची असते. भागाकार केला तर दोन वर्षंही भरत नाहीत. एसएसडी त्या दिवशी मरेलच असं नाही, पण तिप्पट पैसे देऊन आयुष्य कमी करून घेण्यात हशील काय?

गंमत म्हणजे डिस्क वाढवण्याचा सगळा खटाटोप २०१३ च्या रोमिओ बॉक्सने एका फटक्यात संपवला. त्यात ३ टीबीपर्यंतची कोरी डिस्क लावा, बॉक्स ती आपली आपण तयार करून घेतो. पीसी नको, प्रत नको, बाइटची उलथापालथ नको. याहून मोठी हवी असेल तर हौशी लोकांचा प्रोग्रॅम आहेच. चौदा वर्षं लोकांनी चोरवाटेने जे केलं त्याला कंपनीने राजमार्ग करून दिला. रोमिओचं सॉफ्टवेअर मात्र दुसऱ्या पिढीपासूनच्या टिव्होइतकंच बंद राहिलं.

ज्यांना हा सौदा नको होता त्यांच्यापुढे दुसरे रस्ते होते. २००२ मध्ये आयझॅक रिचर्ड्स यांनी सुरू केलेला मिथटीव्ही: जुना पीसी, ट्यूनर कार्ड, हवी तेवढी डिस्क, सगळा कोड खुला. कोरियाच्या टॉपफील्डने आपल्या बॉक्सवर बाहेरच्यांनी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम चालू दिले, जर्मनीच्या ड्रीमबॉक्सने लिनक्स उघडं ठेवलं. युरोपात यांचे चाहते आजही आहेत. अमेरिकेत मात्र केबलचे बंद चॅनेल मिथटीव्हीला मिळणं कठीण, आणि सामान्य माणसाला टीव्ही पाहायचा असतो, त्याची देखभाल करायची नसते.

भारतात टीव्ही रेकॉर्ड करणारे डीटीएच बॉक्स आले ते मुळात बंदच. टाटा स्कायने २००८ मध्ये डिस्कवाला ‘टाटा स्काय प्लस’ आणला. काही कंपन्यांनी नंतर डिस्क न देता नुसता यूएसबी पोर्ट दिला, ज्यात गिऱ्हाइकाने स्वतःची डिस्क जोडायची आणि रेकॉर्डिंग त्याच बॉक्सवर पाहायचं. डिस्क आपली, किल्ली त्यांची. मालिकांचं पुनर्प्रक्षेपण दिवसात दोनदा, नंतर मोबाइलवर सगळंच उपलब्ध. त्यामुळे हा छंद इथे रुजलाच नाही. आपल्याकडे डीव्हीआर उघडला जातो तो सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमधला, कॅमेऱ्यांचा.

त्या डीव्हीआरची डिस्क बदलणं हे पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रोजचं काम आहे. डिस्क बसवा, मेनूत जाऊन फॉरमॅट करा, झालं. तरी जुने टिव्होवाले ओळखतील असे सगळे खड्डे इथेही आहेत. रेकॉर्डिंगची फाइल व्यवस्था बहुधा कंपनीची स्वतःची. डिस्क काढून विंडोजला जोडली की ‘इनिशियलाइझ करू का’ असा प्रश्न येतो आणि घाईत ‘ओके’ दाबलं की नुकसान ठरलेलं. पुष्कळ जुन्या बॉक्सना २ टीबीच्या वर दिसत नाही. आणि स्वस्तात मिळते म्हणून पीसीची डिस्क घातली जाते. वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक या चोवीस तास लिहिण्यासाठीच बनवलेल्या असताना.

मुख्य घोळ दिवसांच्या हिशेबाचा. ४ मेगाबिटवर चालणारा एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी लिहितो. आठ कॅमेरे, ३४५ जीबी. १ टीबीची डिस्क तीन दिवसांच्या आत भरते आणि चौथ्या दिवशी पहिला दिवस पुसला जातो. चोरी लक्षात येते रविवारी, गावाहून परतल्यावर. ४ टीबी घातली तर साडेअकरा दिवस, चित्र जास्त दाबणाऱ्या एच.२६५ पद्धतीचा डीव्हीआर असेल तर त्याच्या साधारण दुप्पट. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० ला प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावून रेकॉर्डिंग १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान वर्षभर, जपण्याचा आदेश दिला. २ मेगाबिट एवढ्या कमी दर्जावरही एका कॅमेऱ्याचे १८ महिने म्हणजे जवळपास १२ टीबी. ठाण्यातले सगळे कॅमेरे धरा म्हणजे या आदेशाचं वजन कळेल. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली असा पुरावा देताना प्रमाणपत्रासोबत हॅश मूल्यही, म्हणजे मजकूर बदलला की बदलणारा त्याचा ठसा, द्यावं लागतं. इथे डिस्क आणि तिच्यावरचा मजकूर तसाच्या तसा राहणं यालाच किंमत आहे; बदल करणारा हात संशयाचा. टिव्होच्या चाहत्याला जो चौकीदार खुपत होता, तो इथे न्यायालयाला हवासा वाटेल.

टिव्होकडे परत वळून हा आढावा पुरा करतो. ब्रिटनमध्ये पहिल्या पिढीचा टिव्हो २००० पासून विकला गेला आणि २०११ च्या जूनमध्ये त्याची वेळापत्रक सेवा बंद झाली. बॉक्स उघडा होता, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या स्वयंसेवकांच्या कामाचा आधार घेऊन ब्रिटिश हौशी मंडळींनी ऑल्टईपीजी ही पर्यायी सेवा उभी केली आणि दहा-अकरा वर्षांचे ते बॉक्स पुढेही रेकॉर्डिंग करत राहिले. अमेरिकेत २०२० मध्ये एफसीसी या दूरसंचार नियामकाने केबल कंपन्यांवरचं केबलकार्डचं बंधन काढून टाकलं, आणि ऑक्टोबर २०२५ पासून टिव्होने डीव्हीआर विकणं थांबवलं. विकलेल्या बॉक्सना वेळापत्रक पुरवणं अजून चालू आहे. ते ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी ३ टीबीची नवीकोरी डिस्क घातलेल्या रोमिओच्या मालकाला, लाइफटाइम वर्गणी भरलेली असूनही, ब्रिटनमधल्या त्या जुन्या ४० जीबीवाल्याइतकीही मोकळीक नसेल. त्याच्या बॉक्सला दुसऱ्या कोणाचा सर्व्हर दाखवायचा तर आतली फाइल बदलावी लागेल, आणि तिच्यावर सही टिव्होची आहे.